खाकी नेमकी कोणती? मराठा पलटणीचा सैनिक रंगवताना आलेला अनुभव

नाईक यशवंत घाडगे यांची १/३५ प्रमाणातील प्रतिकृती रंगवायला घेतली, तेव्हा गणवेश खाकी होता एवढ्या माहितीवर भागणार नाही हे उघड होते. मॉडेलचे रंग बनवणाऱ्या जवळजवळ प्रत्येक कंपनीची स्वतःची ‘खाकी’ असते आणि या खाकी एकमेकींशी जुळत नाहीत. टामियाची एक्सएफ-४९ तपकिरीकडे झुकते, तर व्हॅलेहोची ९८८ किंचित हिरवट दिसते. त्यामुळे बाटलीवरचे नाव बाजूला ठेवून तारीख, ठिकाण आणि कापड या क्रमाने जायचे मी ठरवले.

घाडगे हे पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील अप्पर टायबर खोऱ्यात मशिनगनच्या माऱ्यात त्यांच्या सेक्शनमधील बाकीचे सगळे जवान ठार किंवा जखमी झाले, तेव्हा ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जुलैचा महिना आणि इटलीतला उन्हाळा म्हटल्यावर अंगावर सुती खाकी ड्रिल (तिरप्या विणीचे जाड कापड) असणार, लोकरी बॅटलड्रेस नव्हे, हे पहिले उत्तर मिळाले. तारखेइतकेच ठिकाणही महत्त्वाचे असते. याच रेजिमेंटची चौथी बटालियन त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मणिपुरातल्या सांगशाक येथे लढत होती आणि बर्माच्या आघाडीवर तोवर जंगल ग्रीन कपडे रुजू झाले होते. म्हणजे एकच रेजिमेंट, एकच वर्ष, पण गणवेशाचे रंग दोन. आपल्या डोळ्यांना आजच्या सैन्याचा ऑलिव्ह ग्रीन इतका सवयीचा झाला आहे की भारतीय सैनिक दिसला की हात आपोआप हिरव्या बाटलीकडे जातो. तो मोह आधी आवरावा लागतो.

छायाचित्रांचा उपयोग मर्यादित ठरला. त्या काळातील बहुतेक छायाचित्रे कृष्णधवल आहेत आणि हल्ली फिरणारी रंगवलेली छायाचित्रे हा पुरावा नव्हे. त्यातील छटा आपल्यासारख्याच कुणीतरी, किंवा संगणकाने, अंदाजाने निवडलेली असते. कृष्णधवल छायाचित्रातून एवढेच कळते की शर्टापेक्षा पट्टे गडद आहेत की फिके. तेही कामाचे आहे, कारण १९३७ नमुन्याचे सुती पट्टे मुळात फिकट असले तरी त्यांवर ब्लँको (पट्ट्यांना रंग देणारा लेप) चोपडले जाई आणि त्याची ‘खाकी ग्रीन नंबर ३’ ही छटा स्पष्ट हिरवट होती. शर्ट आणि पट्टे एकाच बाटलीतून रंगवले तर सैनिक मातीच्या एकाच गोळ्यातून काढल्यासारखा दिसतो.

खरा आधार मिळाला तो कापडातून. मुंबईतील मंगलदास मार्केट या कापडबाजारात खाकी ड्रिल मागितल्यावर दुकानदाराने विचारले, “पोलिसांचं हवं की ड्रायव्हरचं?” मी शुद्ध सुती हवे असे सांगितल्यावर त्याने जरा कंटाळूनच आतला एक ताका काढला, कारण आता सगळा खप टेरिकॉटचा. टेरिकॉट आपल्या कामाचे नाही. ते चमकते आणि सुतासारखे विटत नाही. वीतभर पट्टी आणून तिचे दोन तुकडे केले, एक कोरा ठेवला आणि दुसरा वरचेवर धुऊन गच्चीवर उन्हात वाळवत राहिलो. हे आजचे कापड काही १९४४ चे ड्रिल नव्हे, आणि तेव्हाही वेगवेगळ्या गिरण्यांच्या मालात फरक असेच. पण सुती खाकी विटते कशी, हे त्यावरून नीट कळते. तीच गोष्ट मुंबईच्या रस्त्यावरही दिसते. सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीवाल्याचा जुना सुती शर्ट निरखून पाहावा: खांदे आणि पाठ पांढुरकी झालेली, खिशाच्या झाकणाखाली मूळ रंग शाबूत, कॉलरची घडी झिजून जवळजवळ पिवळसर, आणि काखेभोवती घामाची गडद कड. मॉडेलवर हायलाइट, म्हणजे उजळ छटा, कुठे द्यायचा याचा याहून चांगला नकाशा मला मिळालेला नाही.

मिश्रणे मी प्लॅस्टिकच्या चमच्यांवर, प्रतिकृतीला मारलेल्याच करड्या प्रायमरवर लावून पाहिली. परळच्या आमच्या खोलीत ट्यूबलाइटखाली कापडाशी तंतोतंत जुळणारा चमचा सकाळी खिडकीत नेला की हिरवा दिसे, म्हणून निवाडा फक्त दिवसाच्या उजेडात करायचा असा नियम केला. शेवटी व्हॅलेहोच्या ९८८ मध्ये त्यांचाच बफ (९७६) हा फिका रंग मिसळून मूळ छटा घेतली. ती कापडापेक्षा मुद्दाम थोडी फिकी ठेवली, कारण पाच सेंटिमीटरांच्या आकृतीवर कापडाचा खरा रंग आहे त्याहून गडद भासतो. चुण्यांसाठी त्यातच ‘इंग्लिश युनिफॉर्म’ (९२१) हा गडद तपकिरी रंग मिसळला आणि उजळ कडांसाठी आणखी बफ. शुद्ध पांढरा टाळला, कारण त्याने खाकी खडूसारखी दिसू लागते.

युरोपीय सैनिकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात एक अडचण सहसा आढळत नाही. आपल्या माणसाची त्वचा आणि विटलेली खाकी गडदपणात बरीच जवळ येतात, आणि दुमडलेल्या बाहीशी हात कुठे सुरू होतो तेच कळेनासे होते. म्हणून त्वचा तांबूस तपकिरी ठेवली, खाकीचा कल हिरवट राहू दिला आणि बाहीच्या कडेला गडद तपकिरी रंगाची केसाएवढी रेघ ओढली. त्वचा आधी रंगवावी असे माझे मत आहे. तिच्या शेजारी खाकी ताडून पाहता येते.

मॅट व्हार्निशने छटा पुन्हा किंचित उजळते, त्यामुळे तेही आधी चमच्यावर तपासावे. पावसाळ्यात मात्र स्प्रे वापरू नये. मुंबईच्या दमट हवेत त्यावर पांढुरका थर चढतो. मी ब्रशने दोन पातळ हात दिले.

पुढची आकृती याच रेजिमेंटचे शिपाई नामदेव जाधव यांची आहे, इटलीतील सेनिओ नदी, ९ एप्रिल १९४५. तिथे मी लोकरी सर्ज धरून चाललो आहे, म्हणजे मूळ छटाच ९२१ ची. जखमींना उचलून ते खोल पाण्यातून गेले होते, त्यामुळे ओल्या सर्जचा गडदपणा कमरेच्या किती वरपर्यंत न्यायचा, हे सध्या चमच्यांवर चालू आहे.