स्वर्गात बाहत्तरचा दुष्काळ आठवत असंल का?

आमच्याकडं अंत्यविधीला एक वाक्य हमखास असतं, "आता ते सगळं दुःख विसरून प्रभूजवळ आहेत". पाळकसाहेब म्हणतात, मंडळी आमेन म्हणते, माती देऊन सगळे घरी येतात आणि कुणी विचारत नाही की सगळं विसरले म्हणजे काय काय विसरले, आपल्यालापण का?

विसरणार म्हणणारे लोक लगेच बायबलातलं यशया 65:17 काढतात. नवं आकाश, नवी पृथ्वी आणि पूर्वीच्या गोष्टी कुणी आठवणार नाही. झालं, विषय संपला. पण जरा वरचं 16 वं वचन बघा ना, तिथं विसरायचं म्हणून जे सांगितलंय ती आधीची संकटं आहेत, माणसं नाहीत. आणि लूक 16 मधे तर उलटंच दिसतं, तो श्रीमंत माणूस मेल्यावरसुद्धा घरच्या पाच भावांची काळजी करतोय, पूर्वज अब्राहाम त्याला सरळ म्हणतो की आठव, तुझं आयुष्य सुखात गेलं आणि तुझ्या दारातल्या भिकारी लाजराचं हालात. आता हा दाखला, म्हणजे येशूनं सांगितलेली बोधकथा आहे, त्यातून स्वर्गाचा नकाशा काढू नये हे मला मान्य आहे, शिवाय तो माणूस अधोलोकात आहे. पण अब्राहाम तर सुखाच्या बाजूला आहे ना, त्याला लाजराचे हाल पक्के माहीत आहेत. प्रकटीकरण 6 मधे वेदीखालचे हुतात्मे पण विचारतात, प्रभू, आमच्या रक्ताचा न्याय कधी? म्हणजे आपल्याला मारलं हे ते विसरलेले नाहीत.

हे सगळं मी आज्जीला सांगत बसलो होतो. आमचं घराणं जालन्याकडचं, मिशनरी नारायण शेषाद्रींनी निजामाच्या काळात बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवलं त्या भागातलं, त्यामुळं आज्जीला शास्त्र माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. ती म्हणाली, "तिथं बी बाहत्तर आठवणार असंल तर काय उपेग त्या स्वर्गाचा?"

1972 ला ती दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. डाव्या अंगठ्याचं नख हातोडीनं फुटलं ते आजपण मधोमध चिरलेलंच उगवतंय. खायला मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, लाल भाकर नाहीतर कामावरची सुकडी. त्या उन्हाळ्यात तिचं पहिलं लेकरू जुलाबानं गेलं, त्याचा फोटो वगैरे काही नाही. मी म्हणलं, आज्जी मग दुष्काळ विसरायचा आणि लेकरू आठवायचं. तर म्हणते, "कसं जमंल रे बाप्पा? त्याचं तोंड आठवलं की खडीचा ढीग आठवतोच. ढिगाच्या सावलीलाच निजवलेलं असायचं त्ये."

यावर मला काही सुचलं नाही, खरंच. नंतर ऑगस्टीनचं वाचलेलं आठवलं. हिप्पोचा बिशप, पाचव्या शतकात त्यानं देवाच्या नगराबद्दल जो मोठा ग्रंथ लिहिला त्याच्या 22 व्या म्हणजे शेवटच्या भागात हाच प्रश्न घेतलाय. तो म्हणतो आजार दोन तऱ्हेनं माहीत असतो, वैद्याला विद्येनं आणि रोग्याला अंगावर काढून. स्वर्गात जुनं दुःख पहिल्या तऱ्हेनं माहीत राहील, दुसऱ्या तऱ्हेनं पुसलं जाईल. आणि काहीच आठवत नसेल तर देवाच्या दयेचं गाणं कशाच्या जोरावर गाणार, सुटका कशातून झाली हेच माहीत नसेल तर? मला हे पटतं. आज्जीचं ढिगाचं कोडं यात बसतं, लेकरू पण राहील, ढीग पण राहील, फक्त तो टोचणार नाही. आणि पुनरुत्थान झालेल्या येशूच्या हाताला खिळ्यांचे व्रण होतेच की, शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले. नवं शरीर मिळालं तरी वधस्तंभ पुसून टाकला नाही.

एक गोष्ट मात्र अडतेच. आपलं कुणी तिथं पोचलंच नाही तर? मध्ययुगातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस, त्याच्या नावावर असलेलं उत्तर असं की नीतिमान लोक शिक्षा झालेल्यांना बघतील आणि देवाच्या न्यायात आनंद मानतील. माफ करा, पण आपल्या पोटच्या पोराला तसं बघून आनंद मानणारी आई माझ्या डोळ्यापुढं येत नाही, आणि असली गोष्ट मी कुठल्या माऊलीला दफनभूमीत सांगणार पण नाही.

ऑगस्टीनचं आज्जीला सांगितलं तर ती बराच वेळ लसूण सोलत बसली. मग तिनं आपलाच विषय काढला, मत्तय 22 चा, सात भावांशी लग्न झालेल्या बाईचा, जिथं येशू म्हणतो पुनरुत्थानात लग्नं नसतात, सगळे देवदूतांसारखे.

"म्हंजे तुझा आजा भेटंल, वळखंल बी, पण मी काय त्याची बायकू नसणार?"

मी म्हणलं, असंच लिहिलंय.

"मग चहा टाक म्हणून वरडायचं नाही म्हणावं त्यानं तिथं."