आधी हात, मग काच: अडतीस पोरं घेऊन केळकर संग्रहालयात

गेल्या वर्षीची फजिती आधी सांगते, म्हणजे यंदा एवढा खटाटोप का केला ते कळेल. सहावी-सातवीची पुण्याची सहल होती. शनिवारवाडा, लाल महाल, राजा दिनकर केळकर संग्रहालय, पर्वती, सगळं एका दिवसात उरकायचं. संग्रहालयात आम्ही जेमतेम पाऊण तास होतो. पहिलं पोरगं सगळं बघून खाली आलं तेव्हा शेवटचं अजून पहिल्या दालनाच्या दारात बुटाची नाडी बांधत होतं. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय काय बघितलं रे?" तर उत्तर आलं, "बाई, भांडी." आणि पाठोपाठ, "वडापाव कधी?"

पोरांचा राग नाही आला. ज्यानं अडकित्ता कधी हातात धरला नाही, त्याला अडकित्त्यांची रांग म्हणजे चिमट्यांची रांग. काचेपलीकडची वस्तू डोळ्यांना दिसते, पण ती जड की हलकी, गार की खरबरीत, कुठून धरायची, हे डोळ्यांना कळत नाही. ते हातालाच कळतं. आणि संग्रहालयातल्या वस्तूला हात लावता येत नाही, लावूही नये. मग हाताचं काम आधी शाळेतच उरकून जायचं, असं यंदा ठरवलं.

आमची शाळा पुरंदर तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. इकडे अजून बऱ्याच घरांच्या माळ्यावर पितळ पडून आहे. सहलीच्या आधीचे दोन शनिवार त्यासाठी ठेवले. घरी चिठ्ठी दिली: जुनी वस्तू पाठवा, मोडकी चालेल, चांदीची नको. आलं ते असं: दोन अडकित्ते, चुन्याची डबी, एक शेर, एक मापटं, दौत, पानाची चंची, कडीचा कंदील, रवी, कासवाच्या पाठीसारखी दिसणारी एक काळी वस्तू, आणि एका पोराच्या आजोबांनी 'हेही जुनंच आहे' म्हणून पाठवलेला ट्रान्झिस्टर. तोही ठेवून घेतला. कुणाच्या घरची कुठली वस्तू याची वही करा आणि घेताना-देताना सही घ्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण चुकवू नका. एका डबीवरून दोन घरं भांडताना मी पाहिली आहेत.

पहिला खेळ पिशवीचा. जाड कापडाची पिशवी, आत एक वस्तू. पोरानं हात घालायचा, बघायचं नाही, फक्त सांगायचं. नाव सांगायचं नाही, हे महत्त्वाचं. नाव कळलं की पोरं थांबतात. "खाली खडबडीत आहे. वर मूठ आहे. मुठीला भोक आहे. जड आहे." बाकीच्यांनी ऐकून कागदावर चित्र काढायचं. ही ती काळी वस्तू. कुणी इस्त्री काढली, कुणी शिक्का काढला, एकानं तर बैलाच्या खुराला ठोकायची नाल काढली. पिशवीतून बाहेर काढली तरी कुणाला ओळखता येईना. शेवटी जिच्या घरची होती ती मुलगी म्हणाली, "वज्री आहे. आज्जी पाय घासती."

मग ती वज्री वर्गभर फिरली. तिच्या तळाला बारीक चौकड्यांच्या रेघा होत्या, किसणीसारख्या, पण बोथट. मधल्या रेघा झिजून सपाट झाल्या होत्या आणि कडेच्या अजून तशाच खरबरीत. का, ते मी सांगितलं नाही. पाचेक मिनिटांनी एका मुलानं चप्पल काढली, टाचेवर दोनदा फिरवली आणि म्हणाला, "टाच मधी टेकती ना बाई, म्हणून मधलं झिजलं." चाळीस-पन्नास वर्षांच्या आंघोळी त्या झिजेत होत्या आणि त्या त्याला दिसल्या. माझ्या लेखी सहल तिथेच वसूल झाली होती.

दुसरा खेळ मापांचा. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. हे फळ्यावर लिहून काही होत नाही. ज्वारी ओतून बघितलं तेव्हा झालं. त्यानंतर त्याच शेरानं शेंगा मोजल्या आणि दोन्ही ढीग वजनकाट्यावर ठेवले. शेर एकच, पण शेंगा कितीतरी हलक्या भरल्या. "मग शेर म्हणजे किती किलो?" असा प्रश्न आला. शेर धान्य मापायचा, तोलायचा नाही, हे आमच्या पोरांना त्या दिवशी पटलं. आजी अजून 'दोन पायल्या बाजरी' म्हणते तेव्हा ती नेमकं काय म्हणते, तेही. ज्वारी सांडते, तेव्हा खाली ताडपत्री घाला.

तिसरा खेळ दिव्याचा. खिडक्यांना चादरी लावल्या, एक पणती पेटवली आणि इतिहासाचं पुस्तक उघडून वाचायला लावलं. दोन हातांपलीकडे बसलेल्याला अक्षर लागेना. मग दोन वाती, मग चार वाती, आणि दर वेळी कोण किती मागे सरकून वाचू शकतं ते खडूनं जमिनीवर आखलं. तेल मोजून घातलं होतं, त्यामुळे चार वातींना ते किती भराभर संपतं हेही दिसलं. बादलीभर पाणी जवळ ठेवा आणि मुलींच्या ओढण्या, वेण्या सांभाळा.

अडकित्त्याबद्दल मात्र सावध राहा. पात्याला मी कापडी पट्टी गुंडाळली होती. ती एका पोरानं सोडली आणि बोट चिमटून घेतलं. जखम किरकोळ होती, पण आई दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. पुढच्या वेळी दोऱ्यानं बांधूनच देणार. तरीही आणायचा सोडू नका. सहावीच्या विज्ञानात तरफ आहे: टेकू, भार, बल. मध्ये सुपारी, एका टोकाला खिळा, दुसऱ्या टोकाला मूठ, म्हणजे दुसऱ्या प्रकारची तरफ. सुपारी खिळ्याजवळ सरकवली की पटकन फुटते आणि मुठीकडे ओढली की फुटता फुटत नाही, हे करून बघितल्यावर विज्ञानाच्या सरांनी अडकित्ता आठवडाभर मागून घेतला.

आता प्रत्यक्ष जाण्याचं. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर घेतली तर शाळेच्या सहलीला निम्म्या भाड्याची सवलत मिळते. पण डिसेंबर-जानेवारीत सगळ्या तालुक्याच्या सहली निघतात, आगारात महिनाभर आधी जा. पालकांची संमतीपत्रं आणि वरच्या कार्यालयाची परवानगी यांत आमचे पंधरा दिवस गेले. संग्रहालयाला आधी फोन करून गटाची संख्या, तारीख आणि पोचण्याची वेळ कळवा. विद्यार्थ्यांचा दर, फोटोचे नियम, त्या दिवशी कुठलं दालन बंद आहे का, तेही तेव्हाच विचारून घ्या. गणेशोत्सवात त्या भागात गट घेऊन जाण्याचा विचारही करू नका.

आम्ही सासवडहून सात वाजता निघालो. दिवे घाटात नेहमीप्रमाणे अडकलो. तो वेळ मी केळकरांची गोष्ट सांगायला वापरला. दिनकर गंगाधर केळकर, १८९६ चा जन्म, 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावानं त्यांनी हा संग्रह उभा केला. खेडोपाडी आणि जुन्या वाड्यांतून फिरून, लोक मोडीत काढत होते त्या वस्तू आणल्या, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं. पुढे सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. वीस हजारांच्या वर वस्तू आहेत, आपल्याला दिसतात त्या त्यातल्या थोड्याच. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग बाकीच्या कुठंयत?" घाट संपेपर्यंत त्याच्यावरच चर्चा.

संग्रहालय शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्याला लागून आहे. रस्ता एकेरी, गाड्या सतत. मोठी बस दारात उभी राहील ही आशा सोडा. पोरं उतरवा आणि गाडी सारसबागेकडे पाठवून द्या. चालकाचा नंबर दोघा शिक्षकांकडे हवा, माझ्या एकटीच्या फोनची बॅटरी अकरा वाजताच संपली. शहरातल्या किंवा मेट्रोजवळच्या शाळांनी बसच्या भानगडीत पडूच नये. मंडई स्थानकावर उतरून पायी गेलं तरी चालतं.

घरून गोळा केलेल्या वस्तू गाडीतच ठेवा. माझ्या मनात पिशवी आत न्यायची होती, सहकारी सर म्हणाले, "बाई, संग्रहालयातून बाहेर पडताना तुमच्या पिशवीत जुना अडकित्ता सापडला तर काय सांगाल?" पटलं.

आतली जागा वाड्यासारखी आहे. दालनं अरुंद, जिने, वळणं. अडतीसचा लोंढा एकदम सोडला की गेल्या वर्षीसारखंच होणार. आम्ही दोन गट केले. एक खालून वर, दुसरा वरून खाली. आणि प्रश्नपत्रिका दिली नाही. चाळीस प्रश्नांचा कागद हातात असला की पोरं वस्तू बघत नाहीत, पाट्या उतरवतात. प्रत्येकाला एकच काम: शाळेत हाताळलेल्यांपैकी एक वस्तू इथं शोधायची, तिच्यासमोर वीस मिनिटं बसायचं, चित्र काढायचं, आणि आपल्या गावच्या वस्तूहून ती कशात वेगळी आहे ते लिहायचं. फक्त पेन्सिल, पेन नाही. पुठ्ठ्याचा तुकडा मांडीवर घ्यायला द्या, काचेवर कागद टेकवू देऊ नका. आणि एक जुना मऊ रुमाल जवळ असू द्या. आमच्या पोरांची नाकं काचेला लागली होती, निघताना पुसून आलो.

ज्या काचेपुढून गेल्या वर्षी पळाले होते तिच्यापुढे या वेळी गर्दी. वज्र्यांपाशी तर जागा मिळेना. आमची साधी, ओबडधोबड. इथल्या वज्र्यांना मुठीच्या जागी पक्षी, प्राणी, किती परी! एका मुलीनं विचारलं, "पाय घासायच्या वस्तूवर पाखरू कशाला?" मी गप्प. सहावीतला एक जण म्हणाला, "न्हाणीत बसल्यावर दुसरं बघायला काय असतंय?" याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दिव्यांपाशी पोरांनी आपणहून वाती मोजायला सुरुवात केली. किती वाती, म्हणजे किती हातांपर्यंत उजेड, म्हणजे किती तेल, म्हणजे घर केवढं श्रीमंत. लामणदिवा उंच टांगतात कशाला यावर दोन मतं पडली, उजेड लांब पोचावा म्हणून की लहान पोरांचे हात पोचू नयेत म्हणून.

सगळंच जमलं असं नाही. कोथरूडहून आणून इथं उभा केलेला मस्तानी महाल आहे. लाकडी खांब, कोरीव काम, झुंबरं. माझी त्याची तयारी शून्य होती. परिणाम: "बाई, पिक्चरमधल्यासारखं आहे," आणि पुढं. वाद्यांचंही तसंच झालं. गावच्या भजनी मंडळाकडून पखवाज आणि वीणा एक दिवस मागून आणली असती तर? सुचलं ते परतीच्या वाटेवर. तुम्ही जाल तर सगळी दालनं दाखवायचा हट्ट धरू नका. तयारी असेल ती तीन-चार निवडा, बाकीच्यांतून चालत जा. आम्ही आत सव्वादोन तास होतो, आणि त्या वेळात वडापावाचं नाव निघालं नाही. निघालं ते बाहेर पडल्यावर, ताबडतोब.

डबे सारसबागेत खाल्ले. संग्रहालयापासून पोरांच्या पायांनी पंधरा-वीस मिनिटं, रस्ता ओलांडताना जोडीजोडीनं, एक शिक्षक पुढे, एक मागे. आत शिरण्याआधी आणि निघताना सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा, रांगेला वेळ लागतो तो हिशेबात धरा. परतताना आणखी एखादं ठिकाण घेऊ का, असं चालकानं विचारलं. शनिवारवाडा वाटेतच आहे, वगैरे. नाही म्हटलं. अंधार पडायच्या आत घाट चढायचा होता.

सोमवारी शाळेच्या व्हरांड्यात तीन बाकं जोडून पोरांनी वस्तू मांडल्या, पाट्या लिहिल्या. 'हात लावू नये' अशी पाटी एकानं हौसेनं केली होती, ती दुसऱ्यानं खोडून 'हात धुऊन हात लावा' केली. वस्तू आठवडाभर ठेवायच्या ठरल्या होत्या. बुधवारीच वज्रीवाली आजी काठी टेकत आली. मांडणी बघितली, पाटी नातीकडून वाचून घेतली आणि मला म्हणाली, "समदं बेस केलंयसा बाई. पर माझी वज्री द्या आता. टाचा फुटल्यात." वहीत सही घेतली आणि दिली.