विद्यापीठातलं पाणी

आज कामासाठी शिवाजी विद्यापीठात गेलेलो, काम लवकर आटपलं म्हणून पुतण्याला घेऊन तलावाकडं चक्कर मारली आणि खरंच मन भरून आलं. १९६२ ला विद्यापीठ सुरू झालं तेव्हा इथं नुसता उघडा माळ होता, सागरमाळ, आणि आज त्याच ८५३ एकरात एवढी झाडी, मोर, पाखरं! माळाच्या उतारावरनं वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायचं, तलावात साठवायचं, मग ते मुरतं आणि खालच्या विहिरींना पाणी लागतं. ऐकायला सोपं वाटतं पण हे वर्षानुवर्षं चालू ठेवलंय, कुलगुरू बदलले तरी थांबलं नाही, मला याचंच सगळ्यात कौतुक वाटतं.

पोराला २०१९ चा महापूर सांगितला. पंचगंगेनं पंपिंग स्टेशनच बुडवलेली, सगळीकडं पाणी पण नळाला थेंब नाही, तेव्हा विद्यापीठानं टँकर भरून गावाला पाणी दिलेलं. त्यानं लगेच विचारलं, आमच्या शाळेच्या छतावरचं पाणी कुठं जातं ओ काका? उद्या हेडसरांना भेटून तेच विचारणाराय.

कोल्हापूरकरांनो, पोरांना घेऊन एकदा जावाच, सकाळी लवकर गेलात तर मोर पण दिसतील.