आठ आण्यांची कालवड

"आमची खिलार गाय माजावर आलीय, एचएफ, म्हणजे होल्स्टिन, भरवू का?" शिरूर-दौंडकडे कुणाच्याही गोठ्यात चहाला बसलो की हे विचारतातच. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगतो.

खिलार मुळात ओढकामाची जात; दूध जेमतेम वासरापुरतं. तिला होल्स्टिन या परदेशी दुधाळ जातीच्या वळूचं रेत भरवलं की कालवड आठ आणे रक्ताची, म्हणजे निम्मी होल्स्टिन, होते. ती लवकर माजावर येते, दूध आईच्या कितीतरी पट देते आणि आपलं ऊनही बऱ्यापैकी सोसते. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळीकांचनला बाएफ ही गायींच्या संकराचं काम करणारी संस्था उभी केली, तेव्हापासून आपला पुणे जिल्हा हे बघत आलाय. पहिल्या संकराला माझी ना नाही.

माझा जीव अडकतो तो त्या कालवडीपाशी. ती माजावर आली की दुधाच्या आशेनं पुन्हा एचएफचीच कांडी, म्हणजे गोठवलेल्या रेताची नळी, भरतात. मग तिची लेक बारा आण्यांची, त्या लेकीची लेक चौदा आण्यांची. आमच्याकडे बारा आण्यांची एक गाय होती. भर उन्हाळ्यात दुपारभर जीभ काढून धापा टाकायची. त्यातच गोचीडताप आला. तिसऱ्या दिवशी ती गेली. तिची दावण मी बरेच दिवस रिकामी ठेवली होती.

तेव्हापासून आठ आण्यांच्या गायीला मी आठ आण्यांच्याच संकरित वळूची कांडी मागतो. दूध थोडं कमी मिळतं, पण जनावर टिकतं. वळूचा नंबर आणि त्याच्या आईचं दूध विचारून वहीत लिहून ठेवा. हे न विचारता भरवलेली गाय पुढच्या तीन पिढ्या भोवते.

गोऱ्ह्याचंही आधीच ठरवा. संकरित गोऱ्ह्याला वशिंड नसल्यासारखंच, जू नीट बसत नाही, उन्हात औताला दम धरत नाही. त्याला कोण सांभाळणार?

आणि तुमची खिलार खरंच लक्षणी असेल, पांढरी, उंच शिंगांची, तर तिला खिलारच भरवा. असं रक्त एकदा मोडलं की परत जुळवायला आयुष्य पुरत नाही.

आता मला एवढंच सांगा, मे महिन्यात तुमच्या विहिरीला पाणी किती असतं? संकरित गायीला रोज वीसेक किलो हिरवा चारा लागतो.