वरून ऊन, आतून पाणी

ऐन श्रावणात, चवथ तोंडावर आलेली असताना, डिचोलीहून एक जुनी सेडान म्हापशाला आमच्या डॅशबोर्ड दुरुस्तीच्या दुकानात आली. नव्वदीतली गाडी, पत्रा ठणठणीत, इंजिन एका चावीत सुरू होणारं. डॅशबोर्डवर मात्र चार भेगा. सगळ्यांत मोठी 22 सेंटिमीटर लांब, काचेखालच्या हवेच्या झरोक्याच्या कोपऱ्यातून निघून मीटरच्या टोपीपर्यंत आलेली आणि मधोमध 6 मिलिमीटर फाकलेली. दोन्ही काठ वर उचललेले. कोणीतरी पूर्वी तिच्यात सिलिकॉन सीलंट भरून वरून काळा स्प्रे मारला होता. सीलंट जागच्या जागी होता, त्याच्या शेजारून नवी भेग गेली होती.

मालक सत्तरीचे. म्हणाले, "मेस्त, एवढ्या फटी नीट भरून दे. चवथीला मुलगी-जावई येतील, तोवर गाडी बरी दिसायला हवी."

"काका, फटी भरायला वेळ लागत नाही. भरलेली फट परत का उघडली ते आधी बघू या."

अशा गादीवाल्या डॅशबोर्डला तीन थर असतात. खाली पत्र्याचा किंवा कडक प्लास्टिकचा सांगाडा, मध्ये पॉलियुरेथेनचा फोम आणि वर व्हिनाइलची कातडी. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी, मुळात कडक. प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळून ते मऊ केलेलं असतं आणि उन्हात तापून हेच द्रव्य वर्षानुवर्षं उडत राहतं. समोरच्या काचेवर आतून जो चिकट, धुरकट थर बसतो त्यात त्याचा मोठा वाटा असतो. काच पुसली तरी तो थर सारखा परत येत असेल, तर आपला डॅशबोर्ड सुकत चालला आहे असं समजावं. द्रव्य गेलं की कातडी आकसते. पण ती खाली चिकटलेली असल्यामुळे आकसायला वाव नसतो, म्हणून ताण साठतो, आणि झरोका, स्पीकरची जाळी, स्क्रूचं भोक अशा कापलेल्या कोपऱ्यात तो एकवटतो. भेग सुरू होते ती तिथेच.

त्यात रोजच्या तापण्या-निवण्याची भर पडते. 1.4 मीटर रुंदीचा डॅशबोर्ड धरा. रात्रीच्या 25 अंशांवरून दुपारी तो 75 अंशांवर गेला, तर पत्रा एक मिलिमीटरही वाढत नाही. व्हिनाइल मात्र मोकळं सोडलं तर चार-पाच मिलिमीटर वाढेल. 75 अंश ही अतिशयोक्ती वाटत असेल तर ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी सहभागी होऊन केलेला 2018 सालचा अभ्यास पाहावा. कडक उन्हाळ्याच्या दिवशी तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांचे डॅशबोर्ड सरासरी 69 अंशांपर्यंत तापले होते, सावलीतल्या गाड्यांचे 48 पर्यंत. सरासरी 69 म्हणजे काही त्याहून वर गेलेच. सावलीची किंमत 21 अंश आहे, हे मी गाडीवाल्यांना आवर्जून सांगतो.

भेग भरायची की अख्खी कातडी बदलायची, हे ठरवायला एक साधी परीक्षा आहे. ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कातडीचा सुटा काठ अंगठ्याने दुमडून बघायचा. वाकून परत सरळ झाला तर भरणं टिकतं. या गाडीचा काठ भाजलेल्या पापडासारखा मोडला. अशा कातडीत जगातली कुठलीही पुट्टी भरा, पुढच्या वैशाखात भेग तिच्या शेजारून जाणार. काकांना तो तुकडा हातात दिला आणि जुनी कातडी काढून नवं रेक्झिन चढवायचं ठरलं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडली. प्रत्येक टप्प्याचा फोटो, प्रत्येक स्क्रू जागेचं नाव लिहिलेल्या पिशवीत. जुन्या गाडीत मीटरची केबल मागून सोडवावी लागते, ओढली तर तिचा प्लास्टिकचा आटा तुटतो. डॅशबोर्ड बाहेर आला आणि काचेकडची कडा उलटी केली, तर फोम ओला होता. बोट लावलं की पिवळा-तपकिरी चुरा हाताला येत होता. खाली पत्र्यावर गंजाचा पट्टा.

म्हणजे वरून उन्हाने कातडी आकसत होती आणि खालून पाण्याने फोम फुगत होता. ऊब आणि ओल एकत्र आली की जुन्या पॉलियुरेथेनचं विघटन होतं. तो आधी फुगतो, मग भुगा होतो. फुगताना तो कातडीला वर ढकलतो, भुगा झाल्यावर तिचा आधार काढून घेतो. भेगेचे काठ वर उचललेले का होते, त्याचं उत्तर इथे मिळालं. गोव्यात जून ते सप्टेंबर अंगणात उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीत ही शंका आधी घ्यावी: भेग काचेच्या कडेला समांतर असेल, गालिच्याला कुबट वास येत असेल, तर समोरच्या काचेचं रबर तपासा.

तपासणीला दोन माणसं लागतात. एकाने बाहेरून साध्या नळीने, दाब न देता, खालच्या कडेपासून सुरुवात करून हळूहळू वर पाणी सोडायचं, दुसऱ्याने आत टॉर्च धरून बघायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि गळती कुठली ते कळत नाही. इथे डाव्या खालच्या कोपऱ्यात रबर कडक होऊन काचेपासून सुटलं होतं. काच काढून रबर नवं घातलं, न वाळणारा ब्युटाइल सीलंट भरला. गंज तारेच्या ब्रशने खरवडून, रस्ट कन्व्हर्टर लावून, वर इपॉक्सी प्रायमरचे दोन हात. हे काम डॅशबोर्डवाल्याचं नव्हे असं म्हणून अनेकजण सोडून देतात. मला ते पटत नाही. गळती ठेवून चढवलेलं रेक्झिन म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो सिलिकॉनने. भेगेत सीलंट होताच, शिवाय कातडीवर वर्षानुवर्षं लावलेलं चमक आणणारं तेलकट पॉलिश. सिलिकॉनवर रंग धरत नाही, माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. गोंदही धरत नाही. इथे एक गोष्ट जपायची: स्वच्छ केल्याशिवाय घासायचं नाही. आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांत शिरतं आणि मग निघता निघत नाही. म्हणून जुनी कातडी सोलायच्या आधीच सीलंट कटरने समूळ काढला. मग साबणपाणी, मग सिलिकॉन काढणारं सॉल्व्हंट, दोन फडकी घेऊन: ओल्याने पुसायचं आणि ते उडायच्या आत कोरड्याने उचलायचं, एकाच दिशेने, फडक्याची घडी बदलत. शेवटी पाण्याचा हलका फवारा. पाणी सलग पसरलं तर जागा स्वच्छ, थेंब थेंब गोळा झालं तर पुन्हा पहिल्यापासून.

जुनी कातडी सोलून भुगा झालेला फोम घट्ट थर लागेपर्यंत काढला. खड्ड्यात दोन घटकांचा फोम थोडा थोडा ओतला. डब्यातला फवाऱ्याचा फोम इथे वापरू नये. तो हवेतल्या ओलीवर वाळतो, पावसाळ्यात वरचा थर झटकन धरतो, आतला कच्चा राहतो आणि पुढे उन्हात गाडी तापली की परत फुगतो. वाळलेला फोम लांब पात्याने कापून मूळ पातळीच्या 3 मिलिमीटर खाली आणला आणि वर बंपर दुरुस्तीची लवचिक पुट्टी दिली. पत्र्याची नेहमीची पॉलिएस्टर पुट्टी घालू नये, ती वाकत नाही. मग 80, 180, 320 नंबरचा पेपर, लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. बोटाने घासलं तर लाटा राहतात आणि रेक्झिनखाली प्रत्येक लाट दिसते.

ज्यांची कातडी अजून मऊ आहे आणि फक्त भेग भरायची आहे त्यांच्यासाठी: उचललेले काठ कापून टाका, उतार करा, दोन्ही बाजूंना 25 ते 30 मिलिमीटर पुट्टी पातळ करत न्या, खाली फायबरच्या जाळीची पट्टी द्या. आणि भरणं सकाळी गारव्यात करा. तेव्हा कातडी आकसलेली असते, फट सर्वांत रुंद असते. दुपारी तापल्यावर पुट्टी दाबली जाते, ते तिला सोसतं. उलट तापलेल्या गाडीत अरुंद फट भरली, तर रात्री निवताना पुट्टी ताणली जाते आणि काठापासून सुटते.

रेक्झिन चढवताना गोंदाची निवड महत्त्वाची. चपलांना लावतात तो साधा पिवळा गोंद साठ-सत्तर अंशांवर मऊ पडतो. शिवाय नव्या रेक्झिनमधला प्लास्टिसायझर खाली उतरून त्याला विरघळवतो, आणि वर्षभरात मीटरच्या खोलगट भागात रेक्झिन तंबू धरतं. उष्णता सोसणारा पॉलियुरेथेनचा गोंद घ्यावा, दोन्ही पृष्ठांना लावावा, बोटाला न चिकटेपर्यंत थांबावं. रेक्झिन हीट गनने कोमट करून मधून कडांकडे बसवायचं. खोलगट जागी ओढून बसवायचा मोह होतो. ओढलेलं रेक्झिन परत जायला बघतं, त्यापेक्षा तिथे शिवण घेतलेली बरी. आम्ही मीटरच्या टोपीवर शिवण घेतली. काकांना आधी नको होती, बसवून दाखवल्यावर आवडली.

रेक्झिन गडद आणि मंद निवडलं. चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि समोरचा रस्ता धूसर होतो. बाजूच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना रंग द्यायचा होता, पण बाहेर पाऊस धरलेला. हवेत ओल पंचाऐंशी टक्क्यांच्या वर असली की थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका पडतो. म्हणून खोली बंद करून हॅलोजनच्या दिव्यांनी पट्ट्या कोमट केल्या, रंगात सावकाश उडणारं रिटार्डर थिनर घातलं, पातळ हात दिले, प्रत्येकात पंधरा मिनिटं अंतर.

प्रवाशाच्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीत मात्र यातलं काही घरी करू नये. एअरबॅगच्या झाकणावर पुट्टी, रेक्झिन किंवा तयार कव्हर बसवलं तर बॅग वेळेवर, योग्य दिशेने उघडेलच याची खात्री राहत नाही. तिथे भेग गेली असेल तर पॅनेलच बदलावं.

गाडी न्यायला काका आले तेव्हा हातात खोबरेल तेलाची बाटली होती, चमक यावी म्हणून. ती परत पाठवली. तेलाने व्हिनाइलला काहीही मिळत नाही, धूळ मात्र बसते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसून, पाण्यावर आधारित, ऊन अडवणारं प्रोटेक्टंट लावावं आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावं. काचेला आतून चंदेरी पडदा. काळ्या फिल्मचा विचार नको, 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली होती. गाडी दुपारनंतर पश्चिमेला तोंड करून उभी करायची नाही. उघडीप असेल तेव्हा काचा बोटभर खाली ठेवायच्या.

गणपतीची मूर्ती दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर होती. ती काढताना टेपबरोबर नवी कातडी येईल, म्हणून मूर्तीसाठी ॲश-ट्रेच्या चौकटीला स्क्रूने छोटी पट्टी बसवून दिली. अत्तराची बाटली डॅशबोर्डवर ठेवायची नाही, असं स्पष्ट सांगितलं. तिच्यातलं द्रव सांडलं तर व्हिनाइल मऊ होऊन डाग धरतं आणि कडक प्लास्टिकला बारीक तडे जातात. मोबाइलचा रबरी चोषक काचेला लावावा, कातडीला नाही. पुढचे दोन आठवडे गोंद पूर्ण पक्का होईपर्यंत गाडी सावलीत ठेवायची आणि काचेवरची गरम हवा पूर्ण जोरात लावायची नाही, हे चिठ्ठीवर लिहून दिलं.