दगडखाणीतले स्टेडियम : ब्रागाची एक फुटबॉलवारी

पोर्तुगालमधल्या पोर्तोच्या मुक्कामातला एक दिवस केवळ फुटबॉलसाठी राखून ठेवला होता. साओ बेंतो स्थानकातून उपनगरी गाडीने साधारण तासाभरात ब्रागा गाठले. शहराच्या उत्तरेला, मोंते दो कास्त्रो या टेकडीच्या जुन्या दगडखाणीत, २००४ च्या युरो स्पर्धेसाठी उभारलेले तेथील स्टेडियम नगरपालिकेच्या मालकीचे असून १९२१ मध्ये स्थापन झालेला स्पोर्टिंग क्लब द ब्रागा आपले घरचे सामने तेथे खेळतो. गावातले लोक त्याला ‘पेद्रेइरा’, म्हणजे नुसते ‘खाण’, म्हणतात.

स्थानकापासून चालत पाऊण तास लागला. शेवटचा टप्पा चढाचा असल्याने वयस्कर मंडळी बरोबर असतील तर टॅक्सी करावी. तिकिटावर बसायची बाजू ‘नासेंते’ किंवा ‘पोएंते’ अशी छापलेली असते, त्याचा अर्थ आपल्या उगवती-मावळतीसारखाच आहे. मी मात्र ते न पाहता समोर दिसलेल्या पहिल्या रांगेत उभा राहिलो आणि फाटकावरून परत पाठवला गेलो. एका बाजूकडून दुसरीकडे जाण्याची वाट मैदानाच्या खालच्या विस्तीर्ण दालनातून आहे. बाहेरून जायचे तर टेकडीला वळसा पडतो. मी तो वळसा घातला, तुम्ही घालू नये.

सुमारे तीस हजार आसनांच्या या स्टेडियमला प्रेक्षागारे दोनच आहेत, तीही केवळ मैदानाच्या लांब बाजूंना. एका गोलामागे ग्रॅनाइटचा उघडा कडा उभा आहे, तर दुसऱ्या गोलामागे काहीच बांधलेले नसल्याने नजर थेट बाहेरच्या मुलखावर जाते. दोन्ही छपरे एकमेकांना पोलादी तारांनी बांधलेली आहेत; इंका लोकांच्या झुलत्या पुलांवरून ही कल्पना सुचल्याचे सांगितले जाते. वास्तुशिल्पकार एदुआर्दो सौतो द मौरा यांना २०११ मध्ये वास्तुकलेतला मानाचा प्रित्झ्कर पुरस्कार मिळाला. पश्चिमेकडील प्रेक्षागाराच्या मागे, काँक्रीट आणि कातळ यांच्या सांदीतून जिना चढताना पावसाने भिजलेल्या दगडाचा गारवा अंगाला जाणवत होता, आणि सामना सुरू होण्याआधीच तिकिटाचे पैसे वसूल झाले असे वाटले.

सामना तसा बेताचाच झाला. पण गोलावरून गेलेला फटका प्रेक्षकांत न पडता मोकळ्या जागेत घरंगळत जातो आणि तो आणायला पोरगा धावतो, हे दृश्य इतरत्र क्वचितच दिसेल. गोलामागे बसून आरडाओरडा करण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना ही रचना थोडी कोरडी वाटेल, ही तक्रार मला रास्त वाटते. याच मैदानावर २०१० मध्ये ब्रागाने चॅम्पियन्स लीग या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत लंडनच्या आर्सेनलला २-० असे हरवले होते. ब्रागाचा लाल-पांढरा पोशाखही आर्सेनलसारखाच आहे, हा त्यातला गमतीचा भाग.

बेन्फिका, पोर्तो, लिस्बनचा स्पोर्टिंग हे बडे क्लब किंवा शेजारच्या गिमाराइंशचा व्हितोरिया यांच्याविरुद्धचा सामना असेल तर तिकीट आधीच काढावे. सामन्याची नेमकी वेळ बरीच उशिरा ठरत असल्याने विमानाचे तिकीट त्या भरवशावर काढू नये. दोन्ही टोके उघडी असल्यामुळे वारा थेट आत शिरतो, म्हणून छपराखाली बसायचे असले तरी जाड जॅकेट जवळ ठेवावे. सामना रात्रीचा असेल तर पोर्तोकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच पाहून ठेवावी; ती हुकण्याची शक्यता वाटली तर ब्रागातच खोली घ्यावी.