पहिलं डब्ल्यूटीए रँकिंग मिळेपर्यंत

महिला टेनिसमध्ये डब्ल्यूटीएचा, म्हणजे महिला व्यावसायिक टेनिसच्या संघटनेचा, पहिला गुण मिळाला म्हणजे रँकिंग मिळालं असं नसतं. हे अनेक पालकांना माहीत नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते. पुरुषांचं एटीपीच्या, म्हणजे त्यांच्या संघटनेच्या, एका गुणावर यादीत नाव लागतं. आम्हाला 52 आठवड्यांत तीन स्पर्धांत गुण मिळवावे लागतात, नाहीतर सगळे मिळून किमान 10. आणि एकूण 15 हजार डॉलर बक्षिसाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या स्पर्धेत मेन ड्रॉची, म्हणजे मुख्य स्पर्धेची, पहिली फेरी जिंकली की मिळतो एक गुण!

तिथवर पोचणंच अवघड. आयटीएफचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाचा, आयपिन हा खेळाडूचा नोंदणी क्रमांक काढला की ऑनलाइन नाव देता येतं. मुदत स्पर्धेच्या सोमवाराआधी 18 दिवस, गुरुवारी, आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसातला. माघारीची मुदत पुढच्या मंगळवारी. यादीतल्या वरच्या मुली माघार घेतात तसं आपलं नाव वर सरकतं. पण कुठवर, हे कळायच्या आत विमानाचं तिकीट काढावं लागतं, नंतर ते परवडत नाही. म्हणूनच मी ट्युनिशियातलं मोनॅस्टिर निवडलं. तिथे जवळजवळ दर आठवड्याला स्पर्धा असते, एका तिकिटात लागोपाठ खेळता येतं.

क्वालिफाइंगमध्ये, म्हणजे मेन ड्रॉआधीच्या पात्रता फेऱ्यांत, जिंकून गुण नाहीत, पैसेही नाहीत. रेषेवर पंच नसतात, आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर ते आपणच सांगायचं. आणि एकेक सेट झाला की तिसरा सेट नाही, थेट 10 गुणांचा टायब्रेक, म्हणजे सेटऐवजी एक छोटा निर्णायक डाव. माझा खेळ लांब रॅलींचा, समोरचीला दमवून जिंकण्याचा. तिसरा सेटच नसेल तर त्या दमाचा उपयोग काय? सरांनी सराव पार बदलला. संध्याकाळी पाय जड झाले की फक्त टायब्रेक खेळायचे, एकामागून एक. "पहिली सर्व्ह आत पडू दे गं, बाकीचं मग बघू," एवढंच म्हणायचे. वेग थोडा कमी केला, सर्व्ह अंगावर टाकायला शिकले. क्वालिफाइंगमधून वर आले ती याच सर्व्हवर.

दोन स्पर्धांत गुण झाले आणि मग बरेच आठवडे काहीच नाही. आईने अमेरिकेतल्या कॉलेजचा विषय काढला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळल्या आणि पुढे 2023 मध्ये हांगझोऊला रोहन बोपण्णांबरोबर मिश्र दुहेरीत आशियाई सुवर्ण जिंकल्या, तेव्हा तो रस्ता उत्तमच आहे. पण माझा पहिला गुण 52 आठवड्यांनी गळणार होता. "हा गुण जाईपर्यंत खेळू दे," म्हटलं. आई हो म्हणाली, बाबांनी पुढचं तिकीट काढलं.

तिसरा गुणही मोनॅस्टिरलाच मिळाला. यादीत माझ्या नावापुढे हजारापलीकडचा आकडा आहे. तो बघून मला रडू आलं. आता गुरुवारी नाव देताना रँकिंगच्या रकान्यात काहीतरी असतं, आणि क्वालिफाइंगच्या यादीत मी बरीच वर दिसते. मेन ड्रॉत थेट प्रवेश मिळायला अजून गुण लागतील. पुढच्या तीन आठवड्यांची नावं दिली आहेत.